तयारी आहे, की तयारी झाली आहे? ‘प्रिपेअर्ड’ या शब्दाबद्दल

प्रश्न : मॅडम, मी कळव्याला राहते. बीकॉमचा निकाल नुकताच लागला. ऐरोलीच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. त्यांनी विचारलं, ‘आर यू प्रिपेअर्ड टू वर्क नाइट शिफ्ट्स?’ मी म्हटलं, ‘येस सर, आय हॅव प्रिपेअर्ड व्हेरी वेल.’ मुलाखत घेणारे दोघंही एकमेकांकडे बघून हसले. प्रिपेअर्ड म्हणजे तयारी केलेला, असंच आम्हाला शाळेत शिकवलं. मग माझं चुकलं काय? रेडी आणि प्रिपेअर्ड एकच ना? पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी आहे.

उत्तर :

व्याकरणात तू कुठेही चुकलेली नाहीस. वाक्य शुद्ध होतं. फक्त त्यांनी विचारलं एक आणि तू उत्तर दिलंस भलत्याच प्रश्नाचं. ‘रात्रपाळी करायला तुझी हरकत नाही ना?’ असं ते विचारत होते, आणि तू सांगितलंस, ‘हो, माझा अभ्यास छान झालाय.’ हसले तर हसू देत. दुसऱ्या फेरीला बोलावलंय म्हणजे मनात काही धरलेलं नाही.

मी ठाण्याच्या नौपाड्यात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवते आणि जोडीला कागदपत्रांची भाषांतरं करते : करारनामे, सोसायट्यांचे पत्रव्यवहार, कोर्टाचे कागद. या एका शब्दावर अडखळलेली इतकी माणसं माझ्यासमोर बसून गेली आहेत की आता मी शब्दकोश उघडायला सांगतच नाही. आधी मराठीत बोलायला लावते, कारण या शब्दाची किल्ली मराठीतच आहे. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघ :

रात्रपाळीची माझी तयारी आहे.

रात्रपाळीची माझी तयारी झाली आहे.

पहिल्या वाक्यात तू होकार देतेस. दुसऱ्यात डबा भरलाय, स्वेटर घेतलाय, घरी सांगून झालंय. फरक एका ‘झाली’चा, पण कुठल्याही मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. आता नकार करून बघ. ‘माझी तयारी नाही’ म्हणजे मी करणार नाही, विषय संपला. ‘माझी तयारी झालेली नाही’ म्हणजे बिचारीला वेळ मिळाला नाही.

इंग्रजीत ‘प्रिपेअर्ड’ हा एकच शब्द ही दोन्ही कामं करतो, आणि आपल्या ‘झाली’चं काम तिथे पुढचा ‘टू’ किंवा ‘फॉर’ करतो. ‘प्रिपेअर्ड टू’ आणि त्यापुढे क्रियापद आलं की बहुतेक वेळा ‘माझी तयारी आहे’, म्हणजे मन राजी आहे. ‘प्रिपेअर्ड फॉर’ आणि त्यापुढे नाम आलं की ‘माझी तयारी झाली आहे’. तुला विचारलं होतं ‘प्रिपेअर्ड टू वर्क’. तू तर ‘आय हॅव प्रिपेअर्ड’ म्हणून तिसरीकडेच गेलीस. ते निव्वळ ‘मी तयारी केली’ आहे, मनाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

या ‘टू’ आणि ‘फॉर’पायी काय होतं ते एकाच्या मोबाइलवर मी स्वतः वाचलंय. घणसोलीहून यायचा तो मुलगा, कामात हुशार, बोलायला बुजरा. सोमवारी त्याला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन द्यायचं होतं. रविवारी रात्री आजोबांना दवाखान्यात हलवावं लागलं, रात्र तिथल्या बाकड्यावर गेली. सकाळी गाडीतून त्याने मॅनेजरला एका ओळीचा मेल टाकला : ‘सर, आय अ‍ॅम नॉट प्रिपेअर्ड टू प्रेझेंट टुडे.’ आजोबांचा उल्लेख नाही, सॉरी नाही, काही नाही. उलट मेल आला : ‘नोटेड. सी मी अ‍ॅट इलेव्हन.’ अकरा वाजता जे ऐकायला लागलं ते तो मला सांगत नव्हता, नुसता मोबाइल पुढे करून विचारत होता, ‘मॅडम, यात उद्धट काय आहे?’ मी म्हटलं, हेच मराठीत म्हण. ‘सर, आज प्रेझेंट करायची माझी तयारी नाही...’ एवढं म्हणाला आणि स्वतःच थांबला.

‘नॉट प्रिपेअर्ड टू’ हा इंग्रजीतला बऱ्यापैकी कडक नकार आहे. ‘आय अ‍ॅम नॉट प्रिपेअर्ड टू डिस्कस धिस’ म्हणजे या विषयावर मी एक शब्द बोलणार नाही. ‘वी आर नॉट प्रिपेअर्ड टू अ‍ॅक्सेप्ट’ म्हणजे आम्हाला हे मुळीच मान्य नाही. त्या मुलाने ‘आय अ‍ॅम नॉट प्रिपेअर्ड फॉर टुडेज प्रेझेंटेशन’ लिहून पुढे कारण दिलं असतं, तर फार तर कपाळाला आठी पडली असती.

होकारातही या शब्दाला एक छटा आहे, आणि ती बहुतेक पाठ्यपुस्तकांतून निसटते. ‘प्रिपेअर्ड टू’मध्ये थोडी कुरकुर गृहीत असते. समोरची गोष्ट गैरसोयीची आहे, खर्चाची आहे, मनाविरुद्ध आहे, तरी मी करीन, असं त्यात असतं. म्हणून ‘आर यू प्रिपेअर्ड टू टेक अ हॉलिडे?’ असं कुणी विचारत नाही. रात्रपाळी त्रासाची असते हे त्या दोघांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी हा शब्द निवडला. ‘विलिंग टू’ त्यापेक्षा मऊ, त्यात नुसती इच्छा. ‘रेडी टू’ त्याहून उत्साही, आत्ता म्हणालात तर आत्ता निघते असं.

कंपन्या आणि बिल्डर हा शब्द फार जपून वापरतात. आमच्या नौपाड्यात जुन्या तीन-चार मजली इमारती एकेक करून पुनर्विकासाला जातायत, त्यामुळे अशी पत्रं माझ्या टेबलावर सारखी येतात. एका सोसायटीचे सेक्रेटरी काका पेढ्यांचा पुडा घेऊनच आले. म्हणाले, बिल्डरने कॉर्पस, म्हणजे पुनर्विकासात सभासदांना मिळणारी रक्कम, वाढवायचं कबूल केलंय, सभासदांना वाचून दाखवायला मराठी करून द्या. पत्रात होतं : ‘वी आर प्रिपेअर्ड टू कन्सिडर अ‍ॅन इन्क्रीज इन द कॉर्पस.’ काकांनी ‘प्रिपेअर्ड’ आणि ‘इन्क्रीज’ हे दोन शब्द वाचले होते आणि मधला ‘कन्सिडर’ पेढ्यात विरघळला होता. मी लिहिलं, ‘कॉर्पसच्या रकमेत वाढ करण्याबाबत विचार करण्यास आम्ही राजी आहोत.’ काकांनी दोनदा वाचलं. ‘म्हणजे दिले नाहीत?’ नाही काका. द्यायला राजी नाहीत, विचार करायला राजी आहेत. पेढे मात्र आम्ही खाल्ले.

आता ‘रेडी’. इथे गोंधळ होण्यात आपला दोष कमी आणि आपल्या ‘तयार’चा जास्त. हा फारसी-अरबीतून आलेला शब्द मराठीत इतका रुळलाय की काहीही अंगावर घेतो. आंबा पाडाला लागून पिकला की तयार. गवयाचा गळा तयार. साडी नेसून, केस विंचरून झाले की तयार. मालकांनी बोलावलं तर यायला तयार. आणि एखादं पोरगं नको तितकं हुशार असलं की ‘भारी तयार आहे हं!’ इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो. आंबा ‘राइप’, गळा ‘ट्रेन्ड’ किंवा ‘अकम्प्लिश्ड’, साडी नेसलेली बाई ‘रेडी’, येणारा ‘विलिंग’, आणि पोरगं... त्याला ‘स्मार्ट’ म्हणून सोडून दे. आपण मात्र सगळीकडे ‘रेडी’ चिकटवतो, कारण पहिलीपासून ‘रेडी म्हणजे तयार’ हेच घोकलेलं.

‘रेडी’ आत्ताकडे बघतो. वस्तू असो की माणूस, आत्ता सुरू करता येईल का, एवढाच प्रश्न. ‘प्रिपेअर्ड’ मागे बघतो, या क्षणासाठी आधी कुणी काही केलंय का ते विचारतो. लॅटिनमधल्या मूळ शब्दातला ‘प्रे’ म्हणजे आधी, आणि ‘परारे’ म्हणजे सिद्ध करणं, म्हणून आधीपासून सिद्ध केलेला. गडकरी रंगायतनला प्रयोग असतो तेव्हा नटाच्या महिनाभर तालमी झालेल्या असतात, तो ‘प्रिपेअर्ड’ असतोच. तिसरी घंटा होऊन पडद्याआड तो आपल्या जागेवर उभा राहतो तेव्हा ‘रेडी’ असतो. परीक्षेच्या सकाळी सगळं वाचून झालंय पण पोटात गोळा आलाय, तर ‘आय अ‍ॅम प्रिपेअर्ड बट आय अ‍ॅम नॉट रेडी.’ उलटं उदाहरण द्यायची गरज नाही. पुस्तक न उघडता सगळ्यांच्या आधी केंद्रावर पोचणारा एक तरी प्रत्येक वर्गात असतो.

घोडबंदर रोडने कासारवडवलीपर्यंत जा, ‘रेडी’ शब्दाची अख्खी शाळा फलकांवर लागलेली दिसेल. ‘रेडी पझेशन’, ‘रेडी टू मूव्ह इन’, आणि मधून रेडीमिक्स काँक्रीटच्या फिरत्या ड्रमच्या गाड्या. ‘प्रिपेअर्ड पझेशन’ असं कुणी लिहीत नाही, कारण गिऱ्हाईकाला इमारत कशी झाली यात रस नसतो, किल्ली आज मिळते का यात असतो. इथे शब्दाला पैशाचं वजनही आहे. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालेल्या इमारतीतला फ्लॅट घेतला तर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत २०१९च्या एप्रिलपासून साधारण घराला ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्याला १ टक्का. त्यामुळे फलकावरचं ‘रेडी’ वाचून भागत नाही, ओसी आलं का ते विचारायचं. रंग लावून, लिफ्ट चालू करून ‘रेडी’ म्हणणारे असतात. कायद्याच्या लेखी ते रेडी नसतं.

आणि रेडी रेकनर! मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द इतका बसलाय की त्याचा अर्थ काय, असं कुणी विचारतच नाही. रेकन म्हणजे हिशेब करणं. रेडी रेकनर म्हणजे तयार गणितांची कोष्टकं, बोट ठेवलं की आकडा. आपल्याकडची अंकलिपी तीच : पावकी, निमकी, दिडकी पाठ असली की बाजारात गुणाकार करत बसायला नको. सरकारी भाषेत मालमत्तेच्या दरांच्या त्या पुस्तकाचं नाव ‘वार्षिक मूल्य दर तक्ते’ असं आहे, पण नोंदणी कार्यालयाबाहेरच्या चहावाल्यापासून सगळे रेडी रेकनरच म्हणतात. मुद्रांक शुल्क लावताना करारातली किंमत आणि या तक्त्याप्रमाणे येणारी किंमत, यातली जास्त असेल ती धरतात. इथेही ‘रेडी’चा अर्थ तोच : आत्ता, हाताशी, शोधाशोध न करता.

‘रेडी मनी’ म्हणजे रोख. मुंबईत हे एका घराण्याचं आडनावच झालं. सर कावसजी जहांगीर रेडीमनी, एकोणिसाव्या शतकातले पारशी दानशूर. मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं दीक्षान्त सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. घराण्याच्या पूर्वजांकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या लोकांना उसने द्यायला रोकड कायम हजर असायची, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. ‘रेडी विट’ म्हणजे हजरजबाबीपणा. हे ‘हजर’ लक्षात ठेव. बऱ्याच ठिकाणी ‘रेडी’ला तयारपेक्षा हजर जास्त जवळचा आहे.

मन आणि साधन यांतला फरक कायद्यानेही केलेला आहे, म्हणून माझ्या कामातला एक दाखला देते. फ्लॅटचा करार केला आणि विकणारा फिरला, तर घेणारा कोर्टात जाऊन म्हणतो, करार पुरा करून द्या. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३च्या कलम १६(क)प्रमाणे त्याला सिद्ध करावं लागतं की आपण सतत ‘रेडी अँड विलिंग’ होतो. पूर्वी मीही या दोन शब्दांना एकच ‘तयार’ लावून मोकळी व्हायचे. एका वकीलसाहेबांनी पान परत पाठवलं. न्यायालयं या दोन शब्दांकडे वेगवेगळं बघतात. ‘रेडीनेस’ म्हणजे पैसे उभे करायची कुवत : बँकेचं कर्ज मंजूर होतं का, खात्यात रक्कम होती का. ‘विलिंगनेस’ म्हणजे वागणूक : नोटीस पाठवली का, नोंदणीच्या दिवशी कार्यालयात आला होता का. खिसा तयार पण मन नाही, किंवा मन तयार पण खिसा नाही, दोन्ही प्रकारांत दावा अडकतो. तेव्हापासून मी ‘सिद्धता आणि इच्छा’ लिहिते. ऐकायला जड आहे, पण तिथे ‘तयार’ पुरत नाही.

‘मनाची तयारी ठेवा’ हे तिसरं रूप राहिलं. दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन हलक्या आवाजात सांगतात ते. ‘बी प्रिपेअर्ड फॉर द वर्स्ट.’ इथे ‘फॉर’ आहे तरी मनच आलं, त्यामुळे मघाचा नियम लोखंडी समजू नकोस. तयारी असणं, तयारी होणं, तयारी ठेवणं, तिन्ही त्याच एका शब्दात बसतात. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०८मध्ये स्काउटांना दिलेलं ‘बी प्रिपेअर्ड’ हे ब्रीद या तिसऱ्या प्रकारातलं, शिवाय त्यांच्या नावाची आद्याक्षरंही तीच, बी आणि पी.

दर जूनमध्ये बातम्यांत येणारं ‘पावसाळ्यासाठी पालिका सज्ज’ याचं इंग्रजी ‘प्रिपेअर्ड’ करायचं की ‘रेडी’, असं एका पत्रकार विद्यार्थ्याने विचारलं होतं. सज्ज हा सुरेख शब्द आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी; दोरी चढवलेलं धनुष्य ते सज्य, त्याचं सज्ज झालं. नालेसफाई, पंप, संक्रमण शिबिरं हे सगळं आधी करायचं, तेव्हा ‘प्रिपेअर्ड’. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५मध्ये मात्र ‘प्रिपेअर्डनेस’ची व्याख्याच ‘रेडीनेस’ची अवस्था अशी केली आहे, म्हणजे तिथे दोघं मांडीला मांडी लावून बसलेत. पालिका खरोखर सज्ज होती का, ते पहिल्या मोठ्या पावसात, ठाण्यात पाणी साचतं त्या वंदना टॉकीजपाशी कळतं.

उच्चाराचं पटकन सांगते. ‘प्रिपेअर्ड’मध्ये जोर ‘पेअ’वर. ‘प्रिपरेशन’ नव्हे, ‘प्रेपरेशन’, आणि जोर ‘रे’वर. ‘प्रिपेअर्डनेस’ इंग्रज माणूस ‘प्रिपेअरिडनेस’ असा म्हणतो, मधे एक चोरटा ‘रि’ येतो. लिहिताना ‘ऑल रेडी’ तोडून लिहिलं तर ‘सगळे तयार’, जोडून ‘ऑलरेडी’ लिहिलं तर ‘आधीच’. ‘वी आर ऑलरेडी फॉर द मीटिंग’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दिसतं आणि मला रोज त्रास होतो.

आता तुझी दुसरी फेरी. तोच प्रश्न परत आला तर ‘येस, आय अ‍ॅम’ एवढंही पुरे. पूर्ण वाक्य बोलायचं तर ‘येस, आय अ‍ॅम प्रिपेअर्ड टू वर्क नाइट्स.’ ‘आय अ‍ॅम रेडी टू’ म्हटलंस तरी चूक नाही. ‘हाऊ डिड यू प्रिपेअर फॉर धिस इंटरव्ह्यू?’ असं विचारलं तर मात्र तुझं जुनं उत्तर तिथे चपखल बसेल. ते टाकून देऊ नकोस.

पण होकार देण्याआधी एक बघ. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंत वाहनाची सोय मालकाने करायची असते. म्हणजे ‘आर यू प्रिपेअर्ड टू’ विचारताना त्यांना तुझ्या इंग्रजीशी देणंघेणं नव्हतं, ते तुझी संमती विचारत होते. संमतीला अट घालता येते, आणि ‘प्रिपेअर्ड टू’च्या मागे ‘प्रोव्हायडेड’, म्हणजे ‘या अटीवर’, अगदी सहज येतो. दिवसा तू ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरवरून वाशी-पनवेलची गाडी पकडशील, पण पहाटे तीनला शिफ्ट सुटली तर ऐरोली स्टेशनवर काय करशील? तेव्हा शांतपणे म्हण : ‘आय अ‍ॅम प्रिपेअर्ड टू वर्क नाइट्स, प्रोव्हायडेड देअर इज अ होम ड्रॉप टू कळवा.’ आणि ड्रॉप दारापर्यंत की नाक्यापर्यंत, ते त्याच खोलीत विचारून घे.